सगळ्यांना माहीत होतं बॉल कुठून जाणार, तरी गारिंचाला कुणी अडवू शकलं नाही

त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले होते. त्यात एक पाय दुसऱ्यापेक्षा जवळपास ६ सेंटिमीटरने आखूड. असा माणूस फुटबॉलमध्ये दोन वर्ल्डकप जिंकेल, यावर कुणाचाही विश्वास बसला नसता.

मॅनुएल फ्रान्सिस्को डोस सँटोस. जन्म १९३३ चा, रिओजवळच्या पाऊ ग्रांदे या कापड गिरणीच्या गावातला. पोरगं अंगानं किरकोळ, म्हणून बहिणीनं एका छोट्या पक्ष्याचं नाव त्याला ठेवलं, गारिंचा. तेच जगभर चाललं.

१९५३ मध्ये तो बोटाफोगो क्लबच्या चाचणीला गेला. समोर ब्राझीलचा नावाजलेला डिफेंडर निल्टन सँटोस. गारिंचानं सरळ त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला. निल्टननं राग धरला नाही, उलट या पोराला लगेच घ्या म्हणून क्लबला सांगितलं. पुन्हा त्याच्याविरुद्ध खेळायची वेळ नको, हाही हिशोब त्यात होताच.

आता गंमत बघा. त्याची चाल बहुतेक वेळा एकच असायची. उजव्या बाजूला बॉल घेऊन तो डिफेंडरसमोर चक्क उभा राहायचा. बॉलला हात, म्हणजे पाय, न लावता डावीकडे झुकायचा. डिफेंडरचा तोल तिकडे गेला की हा उजवीकडून सुसाट. डिफेंडर वळेपर्यंत गारिंचाचं अंग बॉल आणि त्याच्या मध्ये आलेलं असायचं. तो उजवीकडेच जाणार हे माहीत असायचं, पण कधी जाणार हे कळायचं नाही. सगळा खेळ तिथेच होता.

१९५८ च्या वर्ल्डकपआधी इटलीत फिओरेंटिनाविरुद्ध त्यानं गोलकीपरलाही चकवलं. समोर गोल मोकळा. हा थांबला, मागून आलेल्या डिफेंडरला परत चकवलं आणि मग बॉल आत ढकलला. असला पोरखेळ संघाच्या कारभाऱ्यांना रुचला नाही. वर्ल्डकपचे पहिले दोन सामने तो बाहेरच होता. तिसऱ्या सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध तो आणि १७ वर्षांचा पेले मैदानात उतरले. पुढे ही दोघं एकत्र खेळली तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही.

१९६२ ला चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. मग गारिंचानं इंग्लंडला दोन गोल मारले, सेमीफायनलमध्ये चिलीलाही दोन. त्याच सामन्यात सतत लाथा खाऊन त्यानं एकाला उलट लाथ मारली आणि बाहेर गेला. तरी फायनल खेळायची परवानगी मिळाली आणि कप ब्राझीलकडेच राहिला.

बॉल मिळत नाही म्हटल्यावर डिफेंडर पायच शोधायचे. वाकड्या पायांवर आधीच ताण, त्यात या लाथा. गुडघा सुजायचा, इंजेक्शन घेऊन तो पुन्हा उतरायचा. क्लबच्या कोऱ्या करारांवर तो न वाचताच सह्या करायचा, असंही सांगतात. १९६४ ला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण तो वेग परत आला नाही. १९६६ ला हंगेरीविरुद्ध हरलेला सामना त्याचा ब्राझीलसाठीचा शेवटचा. देशासाठी ५० सामने खेळून हरलेला हा एकमेव.

दारू मात्र सुटली नाही. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात त्याची जोडीदार, गायिका एल्झा सोआरेसची आई गेली. त्यातून तो सावरलाच नाही. २० जानेवारी १९८३ ला, वयाच्या ४९ व्या वर्षी, लिव्हरच्या आजारानं गारिंचा गेला. पार्थिव आधी मारकाना स्टेडियमवर ठेवलं, मग पाऊ ग्रांदेकडे नेलं. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते.