अतिक्रमणदार कोण? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा सवाल

गावातला भूमिहीन गायरानाचे दोन एकर नांगरतो, तेव्हा तो अतिक्रमणदार ठरतो. गावातलाच धनदांडगा पाणंद रस्ता नांगरून आपल्या बांधात ओढतो, तेव्हा तिला वहिवाट म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात दोघांना एकच कलम आहे, पण नोटीस मात्र पहिल्यालाच येते. हा भेद ज्यांनी आयुष्यभर चव्हाट्यावर मांडला, ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड आज आम्हाला आठवतात.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे सचिव दादासाहेबच होते. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. रथ चालला होता सार्वजनिक रस्त्यावरून. पण त्या रस्त्यावर आमच्या माणसाने दोरीला हात लावणे हेच सनातन्यांच्या लेखी अतिक्रमण होते! सत्याग्रह पाच वर्षे चालला. बाबासाहेब नाशकात नसताना तो जिवंत ठेवला दादासाहेबांनी.

१९३७ साली ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. पुढे १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. परंतु दादासाहेबांचे खरे सभागृह म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. महार वतनाने आमच्या माणसाला तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाचा वेठबिगार करून ठेवले होते. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच विधेयक मांडले होते. कायद्याने वतन गेले ते १९५८ साली. गुलामी गेली, पण पोटाचे काय? धम्मदीक्षेने स्वाभिमान मिळाला होता. त्या स्वाभिमानाला पायाखाली जमीन हवी होती.

म्हणून १९५९ साली दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. नाशिक, खानदेश, मराठवाडा येथील माणसे पडीक आणि गायरान जमिनींवर उतरली व तुरुंगात गेली. १८७९ च्या महसूल कायद्यानुसार ज्या जमिनीला कोणी मालक नाही ती सरकारची. मग सरकार कोणाचे? लोकांचे असेल तर त्या लोकांत भूमिहीन येतो की नाही? असा तो साधा सवाल होता. पक्षातील सुशिक्षितांच्या एका गटाने हा मार्ग घटनाबाह्य ठरवला, दादासाहेबांना कम्युनिस्ट म्हटले, त्यांच्या धोतराची टिंगलही केली. धोतरवाले दादासाहेब डगमगले नाहीत.

१९६४ साली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही तीतील मोठी मागणी. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही दुसरी. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो माणसांनी तुरुंग भरले. तैलचित्र लागायला १९९० साल उजाडावे लागले. जमिनीचा प्रश्न अजून तहसील कचेरीच्या दारात उभा आहे. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले.

त्यांच्या लढ्याची फळे कागदावर तरी आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. परंतु शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असल्यास त्या निकालातच अपवाद ठेवला आहे. नोटीस बजावणारे निकालाचा पहिला भाग मोठ्याने वाचतात. अपवाद वाचून दाखवण्याचे काम आमचे आहे.

म्हणून बांधवांनो, पुतळ्याला हार घालून थांबू नका. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तिची जुन्या वर्षांची नक्कल काढा. दंडाच्या पावत्या जपून ठेवा, कारण ज्या पावतीने तुम्हाला दोषी ठरवले, तीच तुमच्या कब्जाचा पुरावा आहे. कोणी शेताची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावा. मुदत गेली की ती वाट बंद होते. दादासाहेबांच्या काळी जमिनीसाठी तुरुंगात जावे लागत होते. आज निदान कचेरीत तरी जाऊ या, पण एकेकट्याने नव्हे, सगळ्या वस्तीने मिळून.

जयभीम!