हरवलेला ग्रह

जूझेप्पे पिआझी ह्याचा जन्म इ. स. १७४६ साली इटलीच्या उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या कुशीतील पोंते नावाच्या लहानशा गावी झाला. तरुण वयातच त्याने संसाराचा मार्ग सोडून ख्रिस्ती धर्मातील थिआटिन संघाची दीक्षा घेतली. परंतु मठातील प्रार्थनेबरोबरच गणिताच्या अभ्यासाचीही त्याला ओढ लागली. निरनिराळ्या नगरांत अध्यापन करीत करीत अखेरीस तो सिसिली बेटातील पालेर्मो येथे गणिताचा प्राध्यापक म्हणून येऊन स्थिरावला.

पालेर्मो येथे एक वेधशाळा उभारावी, असे तेथील राज्यकर्त्यांनी ठरविले व ते काम पिआझीवर सोपविले. त्या वेळी पिआझीचे वय चाळिशीच्या घरात होते आणि वेध घेण्याचा अनुभव त्याला जवळजवळ नव्हताच. ह्या विद्येचे धडे घेण्यासाठी तो प्रथम पॅरिसला व तेथून इंग्लंडला गेला. लंडनमध्ये रॅम्सडेन नावाचा अत्यंत कुशल यंत्रकार होता. त्याच्या हातासारखा हात साऱ्या युरोपात नव्हता. पण काम वेळेवर पुरे न करण्याबद्दलही त्याची तितकीच ख्याती होती! त्याच्याकडून पाच फूट व्यासाचे एक वर्तुळयंत्र करून घ्यावयाचे होते. पिआझीने मोठ्या चिकाटीने त्याचा पिच्छा पुरविला, आणि इ. स. १७८९ मध्ये ते यंत्र एकदाचे पुरे झाले. पूर्वीच्या यंत्रांत वर्तुळाचा केवळ चौथा भाग असे. येथे संपूर्ण वर्तुळ असल्यामुळे समोरासमोरच्या दोन खुणा वाचून आखणीतील चूक काढून टाकता येई. पालेर्मोच्या राजवाड्याच्या उंच बुरुजावर हे यंत्र बसविण्यात आले. त्या काळी युरोपातील सर्व वेधशाळांमध्ये ही सर्वांत दक्षिणेकडील वेधशाळा होती.

येथे पिआझीने ताऱ्यांची एक नवी सूची करण्याचे काम आरंभिले. कोणत्याही ताऱ्याचे स्थान एका रात्रीच्या वेधावर त्याने कधीच निश्चित केले नाही. एकच तारा तो अनेक रात्री पुनःपुन्हा पाहत असे. काम अतिशय संथ चाले. पण ह्या संथपणातूनच पुढचा चमत्कार घडून आला.

सूर्यापासून ग्रहांची जी अंतरे आहेत, त्यांत काही क्रम आहे असे त्या काळच्या ज्योतिर्विदांना वाटत असे. टिटियस व बोडे ह्या जर्मन विद्वानांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा : ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ ह्या संख्यांत प्रत्येकी ४ मिळवावे. मग पृथ्वीचे अंतर १० धरले असता बुध ४, शुक्र ७, मंगळ १६, गुरू ५२ व शनी १०० अशी अंतरे येतात, आणि ती प्रत्यक्ष अंतरांशी बरीच जुळतात. इ. स. १७८१ मध्ये हर्शेलने शोधलेला युरेनसही ह्या क्रमात बसला. मात्र मंगळ व गुरू ह्यांच्या मध्ये २८ ह्या स्थानी काहीच नव्हते. ह्या रिकाम्या जागेतील ग्रह शोधून काढण्यासाठी इ. स. १८०० मध्ये काही जर्मन ज्योतिर्विदांनी एक मंडळ स्थापिले व सारे राशिचक्र २४ जणांत वाटून देण्याचे योजिले. त्या यादीत पिआझीचेही नाव होते. परंतु ही वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो ग्रह त्याच्या दुर्बिणीत येऊन गेला.

इ. स. १८०१ च्या जानेवारीची पहिली तारीख. त्या सायंकाळी वृषभ राशीतील तारे तपासताना पिआझीला एक अंधुक तारा दिसला. दुसऱ्या रात्री, आपल्या शिरस्त्याप्रमाणे, त्याने तो पुन्हा पाहिला, तेव्हा त्याची जागा किंचित बदललेली आढळली. पहिल्या रात्रीचा वेध चुकला असेल, अशी शंका त्याने प्रथम घेतली. पण पुढील वेधांनी ती फिटली. तो बिंदू खरोखरच सरकत होता. आरंभी तो पश्चिमेकडे जात होता; काही दिवसांनी तो थबकला व पूर्वेकडे वळला. धूमकेतूभोवती असतो तसा धूसरपणा त्याच्याभोवती मुळीच नव्हता. पिआझीने आपल्या मित्रांना पत्रे लिहिली. त्यांत हा धूमकेतू असल्याचे त्याने सावधपणे म्हटले. केवळ मिलानच्या ओरिआनी ह्या जिवलग स्नेह्यापाशी, हे त्याहून काही मोठे असावे, अशी आशा व्यक्त केली.

११ फेब्रुवारीनंतर मात्र पिआझी आजारी पडला. वेध थांबले. युद्धाच्या धामधुमीत टपालाची वाटही बिकट झाली होती. बर्लिनला पत्र पोहोचण्यास सुमारे दोन महिने लागले. तोवर तो बिंदू सूर्याच्या तेजात लुप्त झाला होता. एवढ्या अवधीत झालेले वेध अवघे २४, आणि त्यांतून दिसणारा मार्ग आकाशाच्या तीन अंशांएवढा. त्यावरून तो पुन्हा कोठे उगवेल हे कसे सांगावे? कित्येकांनी गणिते मांडली, ती परस्परांशी जुळेनात. पिआझीने आपले सर्व वेध वेळेवर जाहीर केले नाहीत, अशी कुरकुरही ऐकू येऊ लागली. आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. ग्रह सापडला नसता, तर पिआझीच्या पदरी केवळ संशयच पडला असता.

हे संकट निवारले ते २४ वर्षांच्या गाउस ह्या जर्मन गणितज्ञाने. कोणतीही कक्षा आधी गृहीत न धरता, थोड्या वेधांवरून लंबवर्तुळ काढण्याची नवी रीत त्याने शोधली. त्याने सांगितलेली जागा इतरांनी सांगितलेल्या जागांपासून कित्येक अंश दूर होती. वर्ष संपता संपता फॉन झाख ह्याला, व त्यापाठोपाठ ओल्बर्स ह्याला, तो हरवलेला बिंदू गाउसच्या जागेच्या अगदी जवळ आढळला. त्याचे अंतर २८ च्या जवळजवळ, म्हणजे २७.७ भरले.

पिआझीने ह्या ग्रहास धान्याची रोमन देवता सेरेस हिचे नाव दिले. त्याला आपल्या फर्डिनंड राजाचेही नाव त्याने जोडले होते. ते मात्र इतर देशांत टिकले नाही. राजाने प्रसन्न होऊन सुवर्णपदक पाडण्याचे ठरविले, तेव्हा पिआझीने पदकाऐवजी त्या द्रव्यातून वेधशाळेसाठी एक दुर्बीण मागितली.

लवकरच त्याच पट्ट्यात पॅलस, जूनो व व्हेस्टा सापडले. ही सर्व बिंबे अत्यंत लहान असल्यामुळे हर्शेलने त्यांचा ग्रहांहून वेगळा वर्ग कल्पिला. पिआझीला ते रुचले नाही. आज त्या पट्ट्यातील लक्षावधी लघुग्रह ज्ञात आहेत. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाच्या सेरेसला इ. स. २००६ पासून बटुग्रह म्हणतात. ज्या नियमाने ह्या शोधास चालना दिली, तो इ. स. १८४६ मध्ये सापडलेल्या नेपच्यूनच्या बाबतीत साफ चुकला.

पिआझी स्वतः पुन्हा आपल्या ताऱ्यांकडे वळला. इ. स. १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या सूचीत ७,६४६ तारे आहेत. हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा तारा विलक्षण वेगाने सरकतो, हेही त्याने दाखवून दिले, पुढे इ. स. १८३८ मध्ये बेसेलने ज्याचे अंतर मोजले तो हाच तारा. इ. स. १८२६ मध्ये नेपल्स येथे पिआझीचे देहावसान झाले. रॅम्सडेनचे ते वर्तुळयंत्र पालेर्मोच्या वेधशाळेत जतन करून ठेवलेले आहे.