तोफ फसली, खत मिळालं: कोण होते क्रिस्टियान बिर्केलँड?

आकाशात नाचणारे हिरवे नॉर्दर्न लाइट्स तुम्ही रील्समध्ये पाहिलेच असतील. त्यांचं कोडं सोडवायला पैसे हवेत, म्हणून एका प्राध्यापकांनी चक्क तोफ बनवली होती!

क्रिस्टियान बिर्केलँड यांचा जन्म 1867 चा, नॉर्वेतला. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि त्यातून हा प्रकाश दिसतो, असं ते मांडत होते. पण संशोधन खर्चिक होतं.

1901 मध्ये त्यांनी विजेवर चालणारी तोफ शोधली. नळीभोवती तारेची वेटोळी. त्यांत एकामागून एक वीज सोडली की त्यांचं चुंबकत्व लोखंडी गोळ्याला पुढे खेचत नेतं. दारू नको, धूर नाही.

1903 मध्ये विद्यापीठात प्रात्यक्षिक ठेवलं. वीज सोडली आणि शॉर्टसर्किट! कानठळ्या बसवणारा आवाज, भगभगती ज्वाळा. तोफ विकायचं स्वप्न तिथेच संपलं.

ती ज्वाळा मात्र कामाची निघाली. त्याच सुमारास त्यांना इंजिनिअर सॅम एयडे भेटले. हवेतला नायट्रोजन खतासाठी वापरायला एयडेंना प्रचंड उष्णता हवी होती. चुंबकाने पसरवलेल्या विजेच्या ज्वाळेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्यातूनच 1905 मध्ये नोर्स्क हिड्रो कंपनी उभी राहिली. ती आजही आहे (आता ॲल्युमिनियमसाठी ओळखली जाते). खताच्या पैशातून बिर्केलँड पुन्हा आपल्या प्रयोगांकडे वळले.

1917 मध्ये टोकियोत त्यांचं निधन झालं. त्यांच्या सिद्धांतावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता. ध्रुवांवरचे ते विद्युतप्रवाह खरे असल्याचे पुरावे उपग्रहांनी दिले, तेही अर्ध्या शतकानंतर. पुढे नॉर्वेच्या 200 क्रोनरच्या नोटेवर त्यांचा चेहरा झळकला.