अंगणाचा हट्ट धरणारा वास्तुविशारद

रोजा असला की दुपारी तीन ते साडेचार हा वेळ जरा लांबतो. कशेळ्यात हा वेळ कोण कुठे काढतो ते पाहिलं, तर घरांविषयी बरंच कळतं. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत राहणारा माणूस बाहेर ओट्यावर, झाडाच्या सावलीत येऊन बसतो. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण आणि वर कौलं, अशा घरातली म्हातारी मात्र आतच निवांत पडलेली असते. ठाकर-कातकरी वाड्यांत अशी घरं अजून आहेत, पण कमी होत चालली आहेत. पक्कं घर हवंसं वाटण्यात काही चूक नाही. दरवर्षी कूड लिंपायचे कष्ट ज्याच्या वाट्याला येतात त्याला विचारा. पण पक्कं घर म्हणजे तापणारंच घर, हे कोणी ठरवलं?

हा प्रश्न आयुष्यभर ज्यांनी सोडला नाही, त्या चार्ल्स कोरियांना जाऊन आता दहा वर्षं उलटली. त्यांचं या बाबतीतलं सर्वांत धाडसी काम आपल्यापासून फार लांब नाही. ते बेलापूरला आहे.

कोरियांचं कुटुंब गोव्याकडचं, ख्रिस्ती. १ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचा जन्म सिकंदराबादेत झाला. मुंबईत झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी असं शिक्षण करून ते परतले आणि १९५८ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. परदेशात शिकून आलेल्या तरुणाने काचेच्या चकचकीत इमारती उभ्या कराव्यात, असा तो काळ. यांनी साबरमती आश्रमात गांधी स्मारक संग्रहालय बांधलं (१९६३), त्यात कौलं, विटांचे खांब, दगडी फरशी आणि लाकडी झडपा. खिडकीला काच नाहीच.

त्याच सुमारास गुजरात गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांची स्पर्धा ठेवली होती. कोरियांनी मांडलं ते नळीसारखं घर. रुंदी जेमतेम साडेतीन मीटर, लांबी अठरा मीटर. छत उतरतं, आणि उंच टोकाला झरोका. आतली हवा तापली की छताच्या उतारावरून वर सरकायची आणि झरोक्यातून निघून जायची. तिच्या जागी दाराजवळच्या झडपांतून नवी हवा आत यायची. पंखा नाही, वीज नाही. त्या एका घराचा नमुना अहमदाबादेत उभा राहिला. १९९५ मध्ये तो पाडला गेला.

हवा कशी वागते हे कोरिया जुन्या इमारतींकडून शिकले. आग्र्याच्या किल्ल्याचं उदाहरण त्यांना फार आवडे. उन्हाळ्यात सकाळीच चौकावर मखमली शामियाना ताणायचा, म्हणजे रात्रीचा गारवा खालीच अडकून राहतो. संध्याकाळी तो काढून सगळ्यांनी गच्चीवर जायचं. बादशहाचं घरसुद्धा दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलत असे. आपल्याकडे वाड्याचा चौक आणि मशिदीचं सहन, म्हणजे मोकळं अंगण, हीच कामं करतात. आपल्या हवामानात आकाशाखालची जागा हीसुद्धा एक खोलीच आहे, हे कोरियांचं सूत्र. गरिबाला तर ती जास्तच लागते, कारण त्याच्याकडे छताखालची जागा कमी. स्वयंपाक, निजणं, पोरांचा खेळ, शेजारणीशी बोलणं, सगळं उघड्यावर होतं. उंच इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याला एक खोली दिली, की हे सगळं त्याच्याकडून काढून घेतलं जातं.

मुंबईच्या फुटपाथकडेही त्यांनी याच नजरेने पाहिलं. १९६८ मध्ये त्यांनी एक योजना मांडली: फुटपाथला लागून ओटे बांधायचे, त्यांवर दिवसा फेरीवाले बसतील, संध्याकाळी ते ओटे नळाच्या पाण्याने धुवायचे आणि रात्री बेघर माणसं त्यांवर झोपतील. लोकांना उठवून लावणारे आराखडे पुष्कळ पाहिले. त्यांच्या झोपेची सोय करणारा आराखडा मला दुसरा आठवत नाही.

प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात ती छापून आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे गेल्या की मागोमाग माणसं जातील, हा हिशेब होता. मंत्रालय जागचं हललं नाही, नरिमन पॉइंट मात्र वाढत राहिला. काही वर्षांनी कोरिया सिडकोतून बाहेर पडले.

बेलापूरची वसाहत त्यानंतरची, १९८३ ते १९८६ मधली. आज लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय. सात-सात घरं आठ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन चौक मिळून एक मोठा चौक. मधून पावसाळी ओढा. भूखंड ४५ ते ७० चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या जागेत फारसा फरक नाही. दोन घरांत सामाईक भिंत नाही, कारण उद्या कुटुंब वाढलं तर ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. बांधणी इतकी साधी, की गावचा गवंडी ती करू शकेल.

आज तिथे जाल तर मूळची उतरत्या कौलांची घरं मोजकीच दिसतील. जमिनीला भाव आला आणि बहुतेक ठिकाणी दोन-तीन मजली काँक्रीटचे बंगले उभे राहिले. माझ्या मते कोरियांचा हिशेब इथे चुकला. घर वाढेल हे त्यांनी धरलं होतं, पण ज्याच्यासाठी ते बांधलं तोच माणूस तिथे टिकेल का, हा प्रश्न नकाशावर सुटणारा नव्हता. इजिप्तच्या हसन फतहींनीही १९४० च्या दशकात लक्सरजवळ गोरना गावातल्या लोकांसाठी मातीच्या घुमटांचं सुंदर गाव बांधलं, तर लोक तिथे जायलाच तयार झाले नाहीत. आणि दैव पाहा, कोरियांची सगळ्यांत गाजलेली इमारत म्हणजे कंबाला हिलवरची अठ्ठावीस मजली ‘कांचनजंगा’! समुद्राचा वारा घ्यायचा पण ऊन-पाऊस टाळायचा, म्हणून प्रत्येक घराला त्यांनी दोन मजली उंचीची बाग-गच्ची दिली. गरिबांसाठी शोधलेलं अंगण श्रीमंतांच्या वाट्याला आधी आलं.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. भोपाळच्या विधानभवनासाठी १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार, २००६ मध्ये पद्मविभूषण. दादरचं पोर्तुगीज चर्च त्यांचं, आणि २०१४ मध्ये खुलं झालेलं टोरंटोचं इस्माइली सेंटरही त्यांचंच. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. रमजान त्या वर्षी जूनमध्येच आला होता.

बेलापूरची घरं बदलली, चौक मात्र बरेचसे शाबूत आहेत. संध्याकाळी पोरं त्यांत क्रिकेट खेळतात. इकडे कशेळे-मुरबाड रस्त्याला बंगल्यांच्या प्लॉटच्या पाट्या वाढत आहेत, आणि वाडीवर नवी घरकुलं उभी राहत आहेत. असरची अजान होते तेव्हा त्यांतली माणसं अजून ओट्यावरच असतात.