बर्फाला बर्फ का चिकटतो? मायकेल फॅरडे यांचा शेवटपर्यंत न मिटलेला वाद

उन्हाळ्यात गोळेवाला किसलेला बर्फ मुठीत दाबतो आणि काडीवर घट्ट गोळा बसतो. कोरडी वाळू कितीही दाबली तरी अशी बसत नाही. मग बर्फच का बसतो? प्रश्न पोरखेळ वाटेल. पण विजेच्या जनित्रामागचं तत्त्व शोधणाऱ्या मायकेल फॅरडे यांनी उतारवयात याच प्रश्नासाठी नामांकित गणितज्ञांचा विरोध पत्करला.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, घरची ओढाताण. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी पोरगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकून त्यानं टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींनाच पाठवून दिली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली.

१८२५ मध्ये बेंझिन, १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन असे मोठे शोध त्यांच्या नावावर जमा झाले. गणित मात्र कच्चंच राहिलं. पुढे स्मरणशक्तीही दगा देऊ लागली, कामात खंड पडू लागला.

अशा काळात, ७ जून १८५० रोजी, त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बर्फावर व्याख्यान दिलं. वितळायला लागलेले दोन तुकडे एकमेकांना टेकवले की गोठून एक होतात, हे त्यांनी मांडलं. कारणही दिलं. बर्फाच्या आतल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या कणाला वरून धरणारं कुणी नाही, म्हणून तिथे पाण्याचा पातळ थर राहतो. दोन तुकडे टेकले की तो थर मधे सापडतो, दोन्हीकडून बर्फ येतो आणि पाणी गोठतं.

हे सगळ्यांना पटलं नाही. जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्येच दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे गणिताने दाखवलं होतं. त्यांचे भाऊ विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ते मोजून सिद्ध केलं. त्यामुळे दाबाने बर्फ वितळतो आणि दाब सुटला की परत गोठतो, एवढं पुरेसं आहे असं जेम्स यांचं म्हणणं.

गणित बरोबरच होतं. अडचण आकड्यांची होती. वितळणबिंदू फक्त एक अंश खाली आणायला हवेच्या दाबाच्या सव्वाशे पटीहून जास्त दाब लागतो. फॅरडे यांनी मग पाण्यात बर्फाचे तुकडे नुसते अलगद टेकवून पाहिले, तरीही ते चिकटले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १८६० मध्ये, त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे ठेवलं. तरीही पुढची बरीच वर्षं दाबाचंच कारण सांगितलं जात राहिलं.

सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं होतं. राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. वाद तसाच राहिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्ष-किरण आणि प्रकाशाच्या प्रयोगांनी शून्याखालच्या बर्फावरही द्रवासारखा थर असतो हे दाखवलं. इतर अनेक स्फटिकांवरही तो सापडला. एक गुंता मात्र निघाला. हा थर असूनही पाणी बर्फावर पूर्ण पसरत नाही, शून्याजवळ त्याचे चपटे थेंब वेगळे दिसतात. म्हणजे बर्फाचं स्वतःचं पाणीही त्याला पूर्ण भिजवत नाही. हे फॅरडे यांना दिसणं शक्य नव्हतं, पण थर आहे हे त्यांनी साध्या डोळ्यांनी आणि दोन तुकड्यांवरून ओळखलं होतं.