विश्लेषण : अध्यक्षपदाच्या वादात काँग्रेस फुटली, टिळकांच्या पुनरागमनात नगरच्या भाषणांचा वाटा काय?

काँग्रेसच्या अध्यक्षनिवडीवरून १९०७ मध्ये सुरतेच्या मंडपात हाणामारी झाली आणि पक्ष दुभंगला. लोकमान्य टिळकांना काँग्रेसच्या व्यासपीठावर परतायला नऊ वर्षे लागली. या परतीच्या वाटेवर अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाचे अहमदनगर, महत्त्वाचे ठरले.

वाद कशावरून पेटला?

१८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेले टिळक तोवर जहाल गटाचे नेते झाले होते. अधिवेशन नागपुरात व्हायचे होते. पण अध्यक्षपदावरून वाद झाल्याने ते सुरतेला हलवले गेले. जहालांना लाला लजपतराय हवे होते, मवाळांनी रासबिहारी घोष यांचे नाव पुढे केले. लालाजींनी माघार घेतली, तरी संशय निवळला नाही. कलकत्त्यात १९०६ मध्ये संमत झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव सौम्य केले जातील, ही जहालांची खरी भीती होती.

सुरतेत काय घडले?

२६ डिसेंबरला गोंधळामुळे सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी घोष यांची निवड जाहीर होताच टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर गेले. त्यांना परवानगी नाकारण्यात आली, ते हटले नाहीत. तेवढ्यात भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या, काठ्या चालल्या आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला.

किंमत कोणी मोजली?

जहाल काँग्रेसबाहेर पडले. सहा महिन्यांत, २४ जून १९०८ रोजी, ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांना अटक झाली. सहा वर्षांची शिक्षा होताच मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. रस्त्यांवर दंगली उसळल्या, गोळीबार झाला. टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटले.

नगरला ते काय बोलले?

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. प्रचारासाठी टिळकांनी ३१ मे आणि १ जूनला नगरला भाषणे केली. निजामशाहीच्या या शहरात त्यांनी परकेपणाचा अर्थ धर्माशी न जोडता हिताशी जोडला. जो इथल्या लोकांचे हित पाहतो तो परका नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, असा त्यांचा मुद्दा होता. मागणी बादशहाला हटवण्याची नव्हती. कारभार लोकांच्या हाती द्या, अशी होती.

सरकारने काय केले?

साठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २३ जुलैला, टिळकांना नोटीस मिळाली. बेळगाव व नगरच्या भाषणांसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली. भाषणे सुटी वाक्ये काढून नव्हे, तर समग्र वाचली पाहिजेत, अशी भूमिका घेत न्यायालयाने ९ नोव्हेंबरला आदेश रद्द केला. स्वराज्य मागणाऱ्यांचे बळ त्यामुळे वाढले.

पुढे काय झाले?

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला जहाल-मवाळ एकत्र आले. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी टिळक अध्यक्षपदी निवडले गेले; मात्र चिरोल खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. काँग्रेसच्या अध्यक्षाच्या खुर्चीत ते कधीच बसले नाहीत.