कॅझलीच्या नावाची हाक

मेलबर्नमधला माझा पहिलाच हिवाळा. ऑफिसात कपाटावरचा खोका काढायला मी टाचा उंचावल्या, तेवढ्यात एका वयस्कर सहकाऱ्याने कुणा कॅझलीचं नाव घेऊन आरोळी ठोकली. त्याने माझ्या नावात घोळ घातला असं मला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने खुलासा केला आणि तेव्हापासून हा रॉय कॅझली माझ्या मागेच लागला.

इथल्या 'फूटी'त, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, पंच चेंडू उंच उडवतात. दोन्ही संघांचे रकमन त्यासाठी झेपावतात आणि हाताला लागेल तसा तो आपल्या माणसाकडे ढकलतात. अर्थातच हे काम ताडमाड गड्यांचं. आजचे रकमन दोन मीटरच्या आसपास असतात. कॅझली होता 5 फूट 11 इंच!

जन्म 1893चा, मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमधला, भावंडांत दहावा. कार्लटनच्या राखीव संघात खांदा दुखावला, पण क्लबने आपल्याकडे लक्ष दिलं नाही असं वाटून त्याने तिथून पाय काढला. 1911मध्ये सेंट किल्डाचे नेहमीचे खेळाडू क्लबशी भांडून बाहेर बसले, म्हणून नवी पोरं घ्यावी लागली. त्यांत हा अठरा वर्षांचा कॅझली होता.

उंची कमी, मग काय करणार? घरच्या शेडमध्ये त्याने छताला चेंडू टांगला आणि त्याच्यावर उड्या मारत राहिला. झेप घेताना छातीत श्वास भरून घेतला की शरीर हलकं होतं, अशी त्याची समजूत होती. शास्त्राला हे कितपत पटेल कोण जाणे, पण समोरचे खाली येऊ लागले तरी हा वरच असायचा.

1921मध्ये तो साउथ मेलबर्नला गेला. तिथे फ्रेड फ्लायटर आणि मार्क टँडी यांच्याशी त्याची जोडी जमली. फ्लायटर अंगापिंडाने दांडगा. तो अंगावर येणाऱ्यांना थोपवून धरायचा, कॅझलीला उडायला मोकळी जागा करून द्यायचा आणि त्याच क्षणी ओरडून त्याला वर जायला सांगायचा. खाली टँडी चेंडू उचलायला टपलेला. फ्लायटरची ती हाक प्रेक्षकांनी उचलली. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिकही ती देत. हाकेत नाव राहिलं ते कॅझलीचं, ती देणाऱ्याला आज फारसं कुणी ओळखत नाही. आपल्या दहीहंडीतही पेपरात फोटो येतो तो वरच्या गोविंदाचाच.

सेंट किल्डाकडून 99 सामने, साउथ मेलबर्नकडूनही 99! क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्याला हे वाचून चुटपुट लागते. त्या मोठ्या लीगचं विजेतेपदही त्याला खेळाडू म्हणून कधी मिळालं नाही. पण गडी थांबायला तयार नव्हता. टास्मानियात गेला, खेळला, शिकवलं, परत आला. शेवटचा सामना 1941मध्ये, कँबरवेलकडून, वयाच्या 48व्या वर्षी. पुढे हॉथॉर्नचा प्रशिक्षक असताना संघाचं फुलाच्या नावावरून पडलेलं टोपणनाव त्याला मिळमिळीत वाटलं. आजचं 'हॉक्स' हे नाव त्यानेच सुचवलं, असं सांगतात.

1963मध्ये तो होबार्टला वारला. माइक ब्रॅडींनी त्याच्या नावाचं गाणं केलं ते 1979मध्ये, त्यामुळे ते काही त्याच्या कानावर पडलं नाही. आता ते लागलं की अख्खं मैदान गातं, आणि आमच्यासारखे मागून आलेलेही.

माझा मुलगा बारा वर्षांखालच्या संघात आहे, वर्गात उंचीने मागून नाही, पुढून दुसरा. गेल्या महिन्यात संघातला उंच मुलगा आजारी पडला आणि कोचने याला रकमध्ये उभं केलं. एकही चेंडू हाताला लागला नाही. घरी येईपर्यंत गाडीत गप्प बसला होता. रात्री मी त्याला शेडमधल्या चेंडूची गोष्ट सांगितली. सकाळी बघतो तर बायकोची कपडे वाळत घालायची दोरी गायब, आणि गॅरेजमध्ये धप्प, धप्प आवाज चालू.